ओझे कोणाचे, यंत्र कोणासाठी?

पुण्या-मुंबईच्या मोटारमालकांनी आधी उचललेली एक नवी सोय आता सोलापूर-लातूरच्या सजावटीच्या दुकानांतून धाराशिव जिल्ह्यातील गाडीवाल्यांपर्यंत येऊन पोचली आहे. मोठ्या गाडीची मागची डिकी आपोआप उघडणारी करून मिळते. मालकाने चावीवरचे बटण दाबावे, किंवा हात गुंतलेले असतील तर मागच्या बंपरखाली नुसता पाय हलवावा; दार सावकाश वर जाते आणि पुन्हा इशारा होताच तितक्याच सावकाशीने खाली येऊन स्वतःला घट्ट लावून घेते. काही महागड्या गाड्या ही सोय कारखान्यातूनच घेऊन येतात. ज्यांच्या गाडीत ती नाही त्यांना ती मागाहून बसवून घेता येते, आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे व सामानाच्या दर्जाप्रमाणे तिला साधारण तीस-चाळीस हजार रुपये पडतात.

वरवर पाहता हा विषय राजकीय चर्चेचा नव्हे. कोणी आपल्या पैशाने आपल्या गाडीला मोटर बसवली तर समाजवाद्यांच्या पोटात का दुखावे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु हे यंत्र नेमके काय करते हे एकदा समजून घेतले, म्हणजे प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक राहत नाही.

अशा गाडीच्या मागच्या दाराला दोन्ही बाजूंनी बारीक नळकांड्यांसारख्या दांड्या असतात. मेकॅनिक त्यांना शॉकर म्हणतात. त्यांच्यात नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो आणि दाराचे बहुतेक वजन तोच तोलून धरतो. खटका दाबून दार वीतभर उचलले की पुढचे काम वायू करतो. माणसाला उरते ते एवढेच: सुरुवातीला किंचित उचलायचे आणि शेवटी हात वर करून खाली ओढायचे. आपोआप डिकी करून देणारा कारागीर या वायूच्या दांड्या काढून त्यांच्या जागी विजेच्या मोटरीच्या दांड्या बसवतो, दाराच्या कुलपाला आणखी एक मोटर जोडतो, गाडीच्या बॅटरीपासून तारा ओढतो आणि बंपरच्या आत पायाची हालचाल ओळखणारा सेन्सर लावतो. म्हणजे जे ओझे यंत्राने अगोदरच उचललेले होते, त्यातला जो लहान मुलालाही न जाणवणारा अंश शिल्लक होता तेवढा नाहीसा करण्यासाठी हा सारा खटाटोप. त्यातही विनोदाचा भाग असा की, जिल्ह्यातील ज्या पुढाऱ्यांच्या आणि गुत्तेदारांच्या दारात अशा गाड्या उभ्या असतात, त्यांना आपल्या हाताने डिकी उघडण्याची पाळी क्वचितच येते. चालक असतो, आणि चालकाच्या आधी धावून जाणारे चार कार्यकर्ते असतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली आपल्या ग्रंथात धनिकांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. वस्तूची उपयुक्तता जितकी कमी तितकी तिची प्रतिष्ठा अधिक, हे त्याने त्या काळच्या अमेरिकेतील श्रीमंतांविषयी दाखवून दिले होते. धाराशिव जिल्हा अमेरिका नव्हे. नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागास जिल्ह्यांची जी ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातील चारच जिल्हे आले: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद. ज्या जिल्ह्याला सरकारी दप्तरातच आकांक्षा बाळगण्याचा अधिकार बहाल झाला, तेथे ती कोणाची आणि कशाची पुरी होते, हे विचारणे गैर नाही.

२२ सप्टेंबर २०२५ हा दिवस या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी घटस्थापना होती. तुळजापूरला भवानीचा नवरात्रोत्सव सुरू झाला. त्याच दिवसापासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि पंतप्रधानांनी त्याला ‘बचत उत्सव’ असे नाव दिले. आणि त्याच दिवसांत या जिल्ह्यातील भूम व परंडा तालुक्यांत पावसाने हाहाकार केला. सीनाकाठची गावे पाण्याने वेढली गेली, माणसे छपरांवर अडकली, त्यांना काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. जनावरे दावणीला बुडून मेली. काढणीला आलेले सोयाबीन कुजले आणि कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली.

आता त्या उत्सवातील बचतीचा हिशेब पाहू. मोठ्या मोटारींवर तोपर्यंत २८ टक्के कर आणि त्यावर २२ टक्क्यांपर्यंत भरपाई उपकर, असा मिळून ५० टक्क्यांपर्यंत भार होता. ३ सप्टेंबरच्या बैठकीत परिषदेने उपकर काढून टाकला आणि कर सरसकट ४० टक्के केला. करापूर्वीची किंमत २० लाख रुपये असलेल्या गाडीवर पूर्वी १० लाख कर पडत होता, तो ८ लाख झाला. मालकाचे दोन लाख वाचले. या दोन लाखांत आपोआप उघडणाऱ्या पाच डिक्या बसतात. ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचे मदतकार्य जाहीर केले. त्यात कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी १८,५०० रुपये आणि तेही तीन हेक्टरांच्या मर्यादेत. दोन हेक्टरांचे सोयाबीन गेलेल्या परंड्याच्या शेतकऱ्याला ३७,००० रुपये मिळणार. एका डिकीची किंमत साधारण तेवढीच आहे. एका कुटुंबाचा खरीप हंगाम आणि एका दाराचे वर-खाली होणे यांना आपल्या अर्थव्यवस्थेने एकाच तागडीत तोलले आहे.

न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, त्याच बैठकीत ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणि बसगाड्यांवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा निर्णय योग्यच होता. परंतु ट्रॅक्टर आणि बस स्वस्त करण्यासाठी आलिशान मोटारही स्वस्त करावी लागते, असे कोणत्या अर्थशास्त्रात सांगितले आहे? यावर एक तांत्रिक उत्तर दिले जाते: उपकर राज्यांच्या भरपाईसाठी होता, त्याची मुदत संपत आली होती, आणि कायद्याप्रमाणे केंद्र व राज्य मिळून ४० टक्क्यांहून अधिक दर लावता येत नाही. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ही कमाल मर्यादा संसदेने घातली आहे, ती काही निसर्गाने घातलेली नाही. आणि धनिकांच्या सोयीसाठी कायदे बदलताना या संसदेने कधी संकोच केल्याचे दिसत नाही. १९५७ च्या संपत्ती कर कायद्याखाली खासगी मोटारी करपात्र संपत्तीत धरल्या जात. २०१५ च्या अर्थसंकल्पाने तो करच रद्द केला. शिवाय गाडी व्यवसायाच्या नावावर घेतली की तिच्या घसाऱ्याची वजावट प्राप्तिकरात मिळते. म्हणजे ‘आपल्या पैशाने’ या शब्दांतही थोडी लबाडी आहे. त्या पैशात सार्वजनिक तिजोरीने सोडून दिलेला वाटा मिसळलेला असतो.

चंगळवादाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, यातून रोजगार निर्माण होतो. तो किती होतो? दांड्या, मोटरी आणि सेन्सर यांचे तयार संच बहुतांशी चीनमधून येतात. येथल्या पोराच्या वाट्याला येते ती अर्ध्या-एक दिवसाची बसवणी. त्याचे कौशल्य खरे आहे. गाडीच्या मूळ तारांना धक्का न लावता जोडणी करणे आणि दार दोन्ही बाजूंनी समपातळीत उचलेल असे बसवणे सोपे नसते. प्रश्न त्या कौशल्याला दुसरे काम का मिळत नाही, हा आहे. दुसरा युक्तिवाद अधिक विचार करण्याजोगा आहे: हात अधू असलेल्या माणसाला किंवा सांधे धरलेल्या वृद्धेला अशा दाराचा खरोखर उपयोग होतो. नि:संशय होतो. मग ते तशा माणसांना सवलतीने द्यावे. पण या सोयीच्या जाहिरातीतील माणूस धडधाकट असतो, त्याच्या दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या असतात, आणि त्या क्षणभर खाली ठेवणे त्याला कमीपणाचे वाटते.

आता दुसऱ्या एका ओझ्याकडे वळू. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा तोडतो, बायको पाचट साळते, मोळ्या बांधते. आणि मग मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला किंवा ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळीत वर चढून ती रचायची असते. मोळी तीस-चाळीस किलोंची. अशा मोळ्या दिवसभरात किती, हे गाडी भरेपर्यंत कोणी मोजत नाही. गाडी पुष्कळदा रात्री येते, तेव्हा हे काम अंधारात चालते. पावसाने किंवा दहिवराने फळी ओली झाली तर पाय घसरतो. खाडा झाला तर दंड कापला जातो. म्हणून पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर लगोलग बाई त्या फळीवर असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. बीड आणि धाराशिव यांच्या मधली हद्द महसुली नकाशावर आहे. टोळ्यांना ती ठाऊक नाही.

या बाईच्या डोक्यावरची मोळी उचलणारे यंत्र अशक्य आहे काय? पट्ट्यावरून माल वर चढवणारे साधन साखर कारखान्याच्या गव्हाणीतच रात्रंदिवस फिरत असते. तेच तत्त्व लहान करून ट्रॉलीला जोडणे ही काही मोठी शास्त्रीय झेप नव्हे. ज्या देशातील कारागीर पायाची हालचाल ओळखणारे दार बसवू शकतो, तेथे मोळी चढवणारा पट्टा बनू शकत नाही, हे कोणी सांगू नये. तो सर्रास दिसत नाही, कारण जिला तो हवा आहे तिच्या हातात पैसा नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्या डोक्यावर मोळी नाही. बाजाराला गरज ऐकू येत नाही. त्याला फक्त क्रयशक्तीने पाठबळ दिलेली मागणी ऐकू येते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे शिकवले जाते आणि मंत्री झाल्यावर तो ते विसरतो.

याचा अर्थ उसाच्या फडात यंत्र येतच नाही असा नाही. राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली राज्याने २०२२-२३ पासून ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांत जी रक्कम कमी असेल ती अनुदान म्हणून देऊ केली. येथे सार्वजनिक पैसा आहे, योजना आहे, शासननिर्णय आहे. पण हे यंत्र बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरवायला आलेले नाही. ते बाईलाच फडातून काढायला आले आहे. एका यंत्राने अनेक टोळ्यांचे काम जाते, आणि त्या टोळ्यांनी कोरडवाहू गावी परत जाऊन काय खावे याचा विचार त्या निर्णयात नाही. समाजवादी चळवळीचा यंत्राला विरोध कधीच नव्हता. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो यासाठीच की, यंत्र श्रमणाऱ्याच्या हाताशी राहावे, त्याच्या छातीवर बसू नये. मोळी चढवणारा पट्टा हे लहान यंत्र आहे. त्याला अनुदान नाही.

या आपोआप दारात आणखी एक गुण आहे, आणि तो खरोखर वाखाणण्यासारखा आहे. दार मिटत असताना मध्ये कोणाचे बोट आले, तर मोटरीवरचा ताण वाढल्याचे नियंत्रकाला कळते. दार तिथल्या तिथे थांबते आणि पुन्हा वर जाते. गाडीमालकाच्या मुलाच्या बोटाची ही काळजी योग्यच आहे. तथापि जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू होते तेव्हा काय घडते ते पाहावे. मळणी यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात, अनेकदा रात्रीबेरात्री फिरते. मजूर पेंढ्या तोंडात सारतो. झोप डोळ्यांवर असते, धुराळा असतो, घरी न्यायची मजुरी पोत्यांवर ठरलेली असते. एक हिसका बसतो आणि पेंढीबरोबर हात जातो. स्त्रियांचा पदर ओढला जातो. त्या यंत्राला बोट ओळखता येत नाही. कोपरापर्यंतचा हातही ओळखता येत नाही.

आणि हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते असेही नाही. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांच्या उत्पादनावर व वापरावर बंधने घालण्यासाठी, आणि त्यांत जीव वा अवयव गमावणाऱ्यास भरपाई मिळावी म्हणून, संसदेने १९८३ साली ‘धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम’ संमत केला. चाळीस वर्षे उलटून गेली. जिल्ह्यातील किती शेतमजुरांनी या कायद्याचे नाव तरी ऐकले आहे, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी विचारून पाहावे. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात किंवा पाय गेल्यास एक लाख रुपये तीत मिळतात. पण ते कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. यंत्राच्या तोंडाशी उभा असलेला भूमिहीन मजूर तीत बसत नाही. हात कोणाचा कापला यापेक्षा जमीन कोणाच्या नावावर आहे याला अधिक महत्त्व आहे.

कोणाच्या अंगाला आराम द्यायचा हा निर्णय नेहमी बाजारावरच सोडावा लागतो, असे मात्र नाही. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या होत्या. दोन-दोन रात्रींचा प्रवास लोक त्या फळीवर करीत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंची फोमच्या गाद्या घालण्याचा निर्णय घेतला. तो अंमलात आला, टिकला, आणि आज ज्यांना दंडवते कोण हेही ठाऊक नाही अशी कोट्यवधी माणसे त्या दोन इंचांवर झोपतात. त्याच देशात, त्याच तिजोरीतून, तोच फोम वरच्या वर्गाच्या डब्यांकडेही वळवता आला असता. मंत्र्याने तो कोणाच्या पाठीखाली जावा हे ठरवले. समाजवादी अर्थकारणाची व्याख्या शोधणाऱ्यांनी जाड ग्रंथांबरोबर हाही दाखला जवळ ठेवावा.

धाराशिवच्या बाबतीत निर्णय उलट दिशेने झाले. ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद हा चौपदरी रस्ता राष्ट्राला अर्पण झाला आणि त्याच सभेत तुळजापूरमार्गे जाणाऱ्या रेल्वेला मंजुरी दिल्याची घोषणा झाली. रस्ता त्या दिवशी तयार होता. रेल्वे कागदावर होती. गाडी असलेल्याला आधी आणि गाडी नसलेल्याला मागाहून, हा क्रम योगायोगाचा म्हणता येणार नाही. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे झाले आणि गाड्या भरून वाहू लागल्या, हे चांगलेच झाले. पण त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्या गाडीची खिडकी उघडायला अजून दोन्ही हात, एक गुडघा आणि शेजारच्या उतारूची मदत लागते.

लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला तेव्हा त्यांच्या मांडणीला दुसरी बाजूही होती: तळच्या माणसाचे उत्पन्न वाढवायचे असेल तर वरच्या माणसाच्या खर्चाला मर्यादा घातली पाहिजे. पुष्कळांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली. परंतु निकोलस कॅल्डॉर हे केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ काही समाजवादी पक्षाचे कार्डधारक कार्यकर्ते नव्हते. १९५६ साली त्यांनी भारत सरकारला खर्चावरच कर लावण्याची शिफारस केली. १९५७ मध्ये तसा कायदा झाला, १९६२ मध्ये मागे घेतला गेला, १९६४ मध्ये पुन्हा आणला आणि १९६६ मध्ये कायमचा पुरला. गोळा करायला अवघड आणि उत्पन्न थोडे, ही त्या वेळची सबब होती. आज प्रत्येक मोटारीची नोंद संगणकात आहे, प्रत्येक बिलाला क्रमांक आहे. अवघडपणाची सबब संपली आहे. उरली आहे ती इच्छा नसणे.

या ठिकाणी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. जिल्ह्यातील जुने कार्यकर्ते सायकलवर आणि एस.टी.ने गावे पालथी घालीत. सभा संपल्यावर कोणाच्या तरी पडवीत झोपत. ती गरिबी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु आज आघाडीच्या नावाखाली ज्या पुढाऱ्यांच्या ताफ्यामागून आपले तरुण कार्यकर्ते मोटारसायकली पिटाळतात, त्या ताफ्यातल्या गाड्या कोणत्या आहेत? डिकी उघडताच आतला हारांचा आणि फलकांचा ढीग उतरवायला धावणारे हात आपले आहेत. ज्या हातांनी निवेदने लिहायची ते हात असे गुंतले, तर मोळीच्या बाजूने बोलणार कोण? मित्रपक्षाच्या नेत्याची गैरसोय होईल म्हणून शेतमजुरांचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलण्याची सवय वाढत आहे, आणि तिला व्यवहारी राजकारण म्हटले जात आहे.

कामे समोर आहेत. सोयाबीनची मळणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील शाखेने गावोगावच्या मळणी यंत्रांची यादी करावी. कोणत्या यंत्राच्या तोंडाला संरक्षक पन्हळ आहे आणि कोणत्याला नाही, ते त्या यादीत लिहावे. मागील हंगामांत ज्यांचे हात गेले त्यांची नावे, गाव, मिळालेली भरपाई यांची नोंद वेगळी करावी. १९८३ च्या कायद्याची प्रत जोडून ही यादी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी आणि अपघात योजनेत भूमिहीन मजुराचा समावेश करण्याची मागणी त्याच निवेदनात करावी. साखर कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी दुसरे निवेदन साखर आयुक्तांकडे गेले पाहिजे: तोडणी यंत्राला जेवढे अनुदान, त्याचा निदान काही भाग मोळी चढवणाऱ्या पट्ट्यासाठी राखून ठेवावा, आणि तो पट्टा मुकादमाच्या नव्हे, टोळीच्या नावावर असावा. टोळ्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळंबला आणि वाशीला मजुरांच्या बैठका घ्याव्यात. बैठकीला जाताना एस.टी.ने जावे, मजूर त्याच गाडीत भेटतात.